चार घासांचा उपास

उमेळे, वसई
५ मार्च २०२४

प्रिय एलिसा मावशी,

बातमी पक्की आहे. कार्मिन वहिनीने काल स्वतः घरी येऊन सांगितलं. सतरा तारखेला, रविवारच्या मिस्सानंतर, महिला मंडळाच्या सभेत मी साक्ष द्यायची आहे. विषयही तिनेच ठरवला : ‘उपवासाने मला काय दिलं’. आधी फादरांना कळवलं, मग चर्चच्या फलकावर माझं नाव लावलं आणि सगळ्यात शेवटी मला सांगायला आली. मोठी जाऊ होतीच, आता मंडळाची अध्यक्षही झाली आहे. ती विचारत नाही, कळवते.

फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मर्विनने नाताळात आणून दिलेलं कानाचं मशीन तू पेटीत ठेवून दिलंयस असं तुझ्या मठाच्या मदर म्हणाल्या. म्हणून जव्हारला पत्र.

मावशी, मी उपास केलेला नाही. जानेवारीत ठाण्याला माझं जे ऑपरेशन झालं ते पित्ताच्या खड्यांचं नव्हतं. वजन उतरवायचं ऑपरेशन होतं. पोटाचा मोठा भाग कापून काढतात आणि नळीसारखा तुकडा ठेवतात. डॉक्टर म्हणाले, केळ्याएवढा. त्यावर माझ्या सासूबाईंनी विचारलं, “राजेळी का वेलची?” त्या खोलीत तेवढंच एक हसू झालं.

साखर वाढली होती, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा तेव्हा मर्विन मला हलवून उठवायचा. डाएट किती केले ते तुला माहीत आहे, मेथीचं पाणी तूच लिहून पाठवलं होतंस. हे ऑपरेशन मी विचार करून केलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण घरी येताना गाडीतच सासूबाई म्हणाल्या, “कोनाला सांगू नको. लोक म्हनतील, हिला तोंड आवरता आलं नाय म्हनून पोट कापलं.” त्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या, बोलतात ते थेट. मर्विन गाडी चालवत राहिला. मी ‘बरं’ म्हटलं, कारण लोक तसंच म्हणतील हे मलाही माहीत होतं.

मग राखेचा बुधवार झाला, उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. पहिल्याच शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना संपल्यावर वहिनीकडे पेज होती. माझ्या पोटात चार चमचे गेले आणि जागा संपली. ती वाटी घेऊन मागे लागली. मी म्हटलं, “उपास आहे.” “कसला?” “चार घासांचा.” तोंडाला आलं ते बोलले. आपल्याकडे या दिवसांत उपास म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, म्हणून मला ते सोपं वाटलं.

आता मंडळातल्या अर्ध्या बायका चार घासांचा उपास करतायत. माझे गाल उतरलेले दिसतात आणि त्या म्हणतात, “बघा, प्रार्थनेचं फळ.” मी मंडळासमोर उभी राहून काय सांगू? तू नन आहेस, काहीतरी सुचव. वैताग आलाय.

तुझी,
प्रिस्का


जव्हार
१० मार्च २०२४

प्रिय प्रिस्का,

ख्रिस्ताची शांती.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तब्येत बरी आहे ना, टाके सुकले ना, ते आधी कळव. तू ते लिहिलंच नाहीस.

साक्ष देऊ नकोस. घसा बसला म्हण, शाळेची परीक्षा आहे म्हण. वेदीपाशी उभं राहून खोटं बोलायचं नाही, इतकं तुला माझ्याकडून कळायची गरज नाही. पण ऑपरेशनचंही गावाला सांगू नकोस. तुझी सासू बरोबर बोलते. गावाला दिलेली गोष्ट परत मिळत नाही. आज तुझं पोट, उद्या तुमचं घर, परवा तुला मूल का नाही त्याचा शोध.

उपासाचं खोटं बोललीस त्यासाठी ईस्टरच्या आधी फादरांकडे जाऊन कुमसार कर, कबुली दिलीस म्हणजे मन हलकं होईल. आणि खरं सांगू का, मला जरा वाईट वाटलं. खाण्यावर ताबा ठेवायला सुरी लागावी? तुझ्या आईने आयुष्यभर कसं निभावलं, ते आठव.

मी इथल्या वसतिगृहातल्या मुलींना तुझं उदाहरण दिलं होतं. कार्मिनने नवीन वर्षाच्या कार्डाला उशिरा उत्तर देताना मला तुझ्या उपासाचं सविस्तर लिहिलं होतं, अगदी अभिमानाने. असो.

मशीनचं म्हणशील तर ते शिट्टी वाजवतं. आणि मी ते लावलं की मुली माझ्या कानाकडे बघतात, तोंडाकडे नाही. माझं चाललंय ठीक.

तुझी,
एलिसा मावशी


उमेळे
१८ मार्च २०२४

प्रिय मावशी,

टाके सुकले. तब्येत बरी आहे. साखरेची एक गोळी बंद झाली, दुसरी अर्ध्यावर आली. चंदनसारच्या शाळेचे दोन जिने आता मी न थांबता चढते. हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

आता बाकीचं. कसलं कुमसार? उपासाचं खोटं बोलले ते कबूल, त्यासाठी जाईन. पण तू सुरीचं लिहिलंस ते वाचून मी पत्र टेबलावर आपटलं आणि मर्विनने टीव्हीचा आवाज वाढवला. मामाला हृदयात झडप बसवली तेव्हा तू नऊ दिवसांची नोव्हेना केली होतीस. त्याला कुणी म्हटलं का, की हृदयावर ताबा ठेवायला सुरी लागावी? आणि आईने कसं निभावलं ते मी जवळून पाहिलंय. पन्नाशीत तिचा पाय कापला, साखरेने. तूही पाहिलंयस.

जाड होते तेव्हा सगळं गाव माझ्याशी माझ्या अंगाबद्दल बोलायचं. “प्रिस्का, खुर्ची बघून बस हां.” आता बारीक होतेय तर तेच गाव दंड चाचपून बघतं. “किती किलो गेलं? काही दुखणं तर नाही ना?” मी एका शरीरात राहते की गावाच्या समाजमंदिरात, कळत नाही.

काल मी घसा बसल्याचं कारण सांगितलं. वहिनीने माईक घेतला आणि काय म्हणाली ऐक. “प्रिस्का बोलायला तयार नाही. उपास गुप्त ठेवावा असं प्रभूने सांगितलंय, आणि ती ते पाळते. यालाच नम्रता म्हणतात.” टाळ्या. नंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “आता सोडते, पण एकवीस एप्रिलच्या सभेत सोडणार नाही. तेव्हा उपासाचे दिवसही संपलेले असतील, गुप्त ठेवायची गरज नाही.” म्हणजे मी नाही म्हटल्याने माझी इज्जत आणखी वाढली. मोबाइलवर ‘चार घास’ नावाचा ग्रुप निघालाय. मला न विचारता ॲडमिन केलंय.

वहिनीची मुलगी प्रीतलही करतेय हा उपास. एकोणीस वर्षांची आहे, अंगाने माझ्यासारखी. गोड पोरगी, रोज ताटाचा फोटो पाठवते.

आणि मावशी, मुलींनी तुझ्या कानाकडे बघितलेलं तुला चालत नाही. माझ्या पोटाकडे बघितलेलं मला चालत नाही, तर मी गप्प बसायचं आणि वर कुमसारही करायचं. हा कुठला न्याय?

प्रिस्का


जव्हार
२१ मार्च २०२४

प्रिय प्रिस्का,

तुझ्या आईच्या पायाचं लिहिलंस ते योग्य केलंस. त्या दिवसांत मी सुट्टी घेऊन आले होते आणि रात्रभर तिच्या उशाशी बसले होते. ते मी विसरले नव्हते, सोयीने बाजूला ठेवलं होतं. सुरीचं वाक्य परत घेते.

पण पत्रातला एक तुकडा मला टोचतोय. वहिनीच्या माईकवर तू अर्धं पान खर्च केलंस आणि त्या पोरीला दोन ओळींत उरकलंस. एकोणीस वर्षांची धडधाकट मुलगी महिनाभर चार घासांवर आहे? तुझं पोट केळ्याएवढं आहे. तिचं नाही. तुला चार घास पुरतात. ती उपाशी आहे.

मी इथलं स्वयंपाकघर बघते. मुलगी जेवत नसली की आधी चिडचिडी होते, मग शांत होते. शांत झाली की घाबरायचं. प्रीतल शांत झाली आहे का?

गावाला सांगू नकोस हे माझं म्हणणं कायम आहे. पण त्या मुलीला सांग. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत चालावं लागेल, त्याच्या आत सांग, उन्हं वाढली आहेत.

एलिसा मावशी


उमेळे
२६ मार्च २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र आज आलं. काल धुळवडीची सुट्टी होती, टपाल बंद. रविवार होऊन गेला.

झावळ्या घेऊन मिरवणूक गावच्या क्रुसापासून निघाली. निम्म्या वाटेवर, नव्या इमारतीच्या गेटपाशी, प्रीतल पडली. हाताने सावरायलाही गेली नाही, सरळ हनुवटीवर. हनुवटी फाटली. मर्विनने उचलून गाडीत घातलं. वजन उतरलं असेल म्हणून सहज उचलली गेली, असं तो नंतर म्हणाला.

दवाखान्यात सलाईन लावलं, टाके घातले. डॉक्टर तरुण होता, इथला नव्हता. त्याने विचारलं, “सकाळपासून काय खाल्लंस?” ती म्हणाली, “चार घास.” “आणि काल?” “चार घास.” “कुणी सांगितलं असं खायला?”

खोलीत आम्ही पाच जण होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनीने आणि प्रीतलने तर कौतुकाने, मावशी. दोष देऊन पाहिलं असतं तर मी बोलले असते.

वहिनी डॉक्टरला म्हणाली, “तुम्हाला नाही कळायचं, आमचे हे दिवस वेगळे असतात.” मग माझ्याकडे वळून, “हिची श्रद्धा कमी पडली, दुसरं काय. तुला झालं का काही? तू तर शाळाही करतेस.” प्रीतल भिंतीकडे बघत होती. शांत होती. तुझं पत्र तेव्हा पोस्टाच्या पेटीत पडून होतं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. सासूबाईंनी माझा दंड धरला, “चल, घरी ताट झाकून ठेवलंय.” आणि मी गेले. घरी आल्यावर त्यांना म्हटलं, “मम्मी, हे माझ्यामुळे झालं.” त्या म्हणाल्या, “सलाईन लागलं, बरी झाली. आता सांगशील तर तिची आई तुला उभी चिरेल. पान्यात राहून कोन माशाशी भांडतं?” दरवेळी त्या हे मासे कुठून आणतात कोण जाणे.

मर्विनला विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, “तुझं पोट, तू ठरव.” हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात याचा अर्थ, मला मध्ये घेऊ नकोस.

मी स्वतःवर इतकी चिडले आहे की आज वर्गात एका मुलाला डबा न संपवल्याबद्दल ओरडले आणि मग बाहेर जाऊन उभी राहिले.

प्रिस्का


जव्हार
पवित्र गुरुवार, २८ मार्च २०२४

प्रिय प्रिस्का,

आज वेळ कमी आहे, संध्याकाळी पाय धुण्याचा विधी आहे.

तुझं पत्र हातात होतं आणि मी भाकऱ्यांची टोपली बघत होते. आठवडाभर उरतायत. मला वाटलं पीठ वाईट आलं. आज विचारलं तर स्वयंपाकाच्या बाई यमुना म्हणाल्या, मोठ्या वर्गातल्या तीन मुली अर्धी भाकरी ठेवून उठतात. का, तर सिस्टरच्या भाचीसारखा उपास.

या मुली घरी असतात तेव्हा पावसाळ्यात एका वेळेवर दिवस काढतात. त्यांना मी कमी खायला शिकवलं. तुझं नाव घेऊन.

मुली आपसात बोलत असणार, माझ्यासमोरही बोलल्या असतील. मला ऐकू आलं नाही.

मी त्यांना काय सांगू ते मला लिहून पाठव. ‘माझी भाची खोटं बोलली’ असं मी सांगणार नाही. ‘माझ्या भाचीचं ऑपरेशन झालंय’ हे सांगायला तुझी परवानगी लागेल. तोपर्यंत मी त्यांच्याबरोबर पंगतीला बसते आणि ताट संपेपर्यंत उठत नाही, उठूही देत नाही.

गावाला सांगू नको असं मी दोनदा लिहिलं होतं. तिसऱ्यांदा लिहीत नाही.

एलिसा मावशी


उमेळे
८ एप्रिल २०२४

प्रिय मावशी,

परवानगी आहे. मुलींना सांग की माझं पोट कापून लहान केलंय, त्यात जास्त मावत नाही. मी उपास केला नाही, मला भूक लागत नाही. त्यांना लागते, त्यांनी खावं. एवढं पुरे. उशीर झाला, कारण तुला लिहिण्याआधी दोघींना सांगायचं होतं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी प्रीतलकडे गेले. हनुवटीवर पट्टी, हातात मोबाइल. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, “काकी, तुला भूक लागायची?”

“नाही. जिथून भूक उठते तो भागच काढून टाकलाय.”

“मला लागायची.” तिने मोबाइल उलटा ठेवला. “मी रात्री पाणी प्यायचे आणि म्हणायचे, काकीला जमतं, मला का नाही जमत. मी तुला रोज ताटाचा फोटो पाठवायचे. तू काय पाठवायचीस, आठवतं?”

मावशी, मी हे तुला लिहिलं नव्हतं. मी टाळ्या पाठवायचे. ती पिवळी चित्रं. शाळेच्या गडबडीत, न बघता, रोज.

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, “मला नको सांगू चुकलं म्हणून. मम्मीला सांग. ती अजून सगळ्यांना सांगतेय की माझी श्रद्धा कमी पडली. मी तुझ्यासाठी तिच्याशी भांडणार नाही.” मी उठले तेव्हा मागून म्हणाली, “आणि ते ऑपरेशन दुखतं का, ते नंतर सांग. आत्ता नको.”

वहिनी स्वयंपाकघरात तळायच्या फुग्यांचं पीठ मळत होती. तिला सांगितलं. ती मळत राहिली, मग हात थांबले. मला वाटलं आता चिरते. तिने विचारलं, “मग एकवीस तारखेचं काय? शेजारच्या दोन चर्चच्या मंडळांना बोलावलंय मी.”

मी म्हटलं, “वहिनी, तुझी मुलगी पडली.”

“ते मला माहीत आहे.” पीठ पुन्हा मळायला लागली. मळता मळता म्हणाली, “असं कर. ऑपरेशन खड्यांचंच सांग. उपास तू केलास, पण जपून, डॉक्टरला विचारून. आणि बाकीच्यांनी डॉक्टरला विचारून करावा. म्हणजे कुणाचंच वाईट दिसणार नाही.”

“आणि प्रीतलची श्रद्धा?”

 तिने पिठाकडे बघत डोळे कोपराने पुसले. मग मात्र चिडली. “दीड महिना माझ्या घरात बसून माझी पेज नाकारलीस. एक शब्द बोलायचा होतास. मी काय गावभर केलं असतं?” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. केलं असतं, हे दोघींनाही माहीत होतं. ती हसली नाही, पण पिठात पाणी जास्त पडलं.

तिने फलकावरून माझं नाव काढलेलं नाही. विषयही तोच ठेवलाय. मी तिला सांगून ठेवलंय की मी येणार, आणि काय बोलणार तेही. पोट कापून लहान केलं. चार घास हा उपास नव्हता, ती माझी थाप होती. प्रीतल उपाशी राहिली, मी नाही, तेव्हा श्रद्धा मोजायचीच असेल तर तिची मोजा. ऑपरेशन केलं त्याची माफी मागणार नाही. वजन किती होतं, किती झालं, कुणी विचारायचं नाही. केस गळायला लागलेत, हे होतंच म्हणतात, त्यावरही तेल सुचवायचं नाही.

हे सगळं लिहून बरं वाटलं असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं की माझं पोट हा सभेचा विषय नाही. थाप मारली नसती तर मी कुणाला एक अक्षर सांगितलं नसतं, आणि तो माझा हक्क होता. तो मीच ‘उपास आहे’ म्हणून घालवला, याचाच जास्त राग येतो.

सासूबाई म्हणतात, तू बोलशील तर मी सभेला येनार नाय. काल संध्याकाळी मात्र कपाटातून चर्चची साडी काढून वाऱ्यावर टाकली होती. विचारलं तर म्हणाल्या, “वास येत होता.” प्रीतलने अजून काही कळवलेलं नाही. ‘चार घास’ ग्रुप तिने सोडला, तेवढं दिसलं.

मर्विन शनिवारी, वीस तारखेला, गाडी घेऊन तुला न्यायला येतोय. मदरना फोन करून झालाय, त्यांनी दोन दिवसांची परवानगी दिली. सभा साडेनऊला आहे. पुढच्या बाकावर तुझी जागा धरते. मी उभी राहिले की सगळं चर्च माझ्या पोटाकडे बघणार आहे, तेव्हा तुझ्या कानाकडे कुणी बघितलं तर चालवून घे.

मशीन लावून ये. मी दोनदा सांगणार नाही.

तुझी,
प्रिस्का